पोटी रायाप्पाच्या, हाती तंगेव्वाच्या

कुंभोळ गावात शिरताना डाव्या हाताला काळ्या दगडांचा एक बसका कट्टा लागतो. त्याला बैलकट्टा म्हणतात. त्यावर देव नाही, समाधीही नाही. सुगी झाली की गावात हेळवी येतो. हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव फिरणारा आणि घराघराची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवणारा माणूस. इतर गावांत तो थेट दारात जाऊन उभा राहतो. कुंभोळात मात्र आधी या कट्ट्यावर टेकतो आणि पहिलं नाव घेतो ते एका बिनलग्नाच्या बाईचं. आपलं मूळ शोधत आलेले पाहुणे याचं कारण विचारतात, तेव्हा गावचे भैराप्पाअण्णा त्यांना सावलीत बसवतात, पाणी देतात आणि मग सांगायला लागतात.

फार मागं गावात रायाप्पा नावाचा शेतकरी होता. त्याची धाकटी बहीण तंगेव्वा. तिचं लग्न ठरलं होतं, हळदी दळून झाल्या होत्या, आणि गावात पटकीची साथ शिरली. रायाप्पा गेला, मागोमाग त्याची बायको गेली. मागं राहिली तीन पोरं. थोरला बाळाप्पा सात वर्षांचा, धाकटं अजून अंगावर पिणारं.

साथ ओसरल्यावर नवऱ्याकडची मंडळी आली. माणसं भली होती म्हणे. तंगेव्वानं तिन्ही पोरं त्यांच्यापुढं आणून उभी केली.

‘मी येते की. पण ह्यांच्यासकट येते.’

होणारा सासरा खाली बघत म्हणाला, ‘एक सून न्यायला आलोय, बाई. चार तोंडं कशी नेऊ?’

तंगेव्वानं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि वेशीपर्यंत पोचवून आली. परतताना आत्यानं आपलं बोट घट्ट धरलं होतं आणि ती काहीतरी गुणगुणत होती, एवढं बाळाप्पाला जन्मभर आठवत राहिलं.

पुढं तिनं शेळीच्या दुधावर धाकटं जगवलं. स्वतः नांगर धरला. ‘बाईनं नांगर धरला की पाऊस पळतो,’ असं कुणी म्हणालं, तर ती म्हणायची, ‘पळू दे की, पळत पळत माझ्याच रानात येईल.’ तिच्या आमटीत मीठ कायम जास्त पडायचं आणि पोरं ती मिटक्या मारत खायची. तिघांची लग्नं तिनं लावून दिली. पुढं म्हातारपणी, घर नातवंडांनी भरलेलं असताना, एका दुपारी ती उन्हाला बसल्याजागीच शांतपणे गेली.

त्या साली हेळवी आला. बाळाप्पाच्या दारात सगळी भावकी जमली. हेळव्यानं मूळपुरुषापासून सुरुवात केली, एकेक पिढी उतरत आला आणि म्हणाला, ‘रायाप्पाच्या पोटी बाळाप्पा...’

‘थांबा, बाबा,’ बाळाप्पा म्हणाला. ‘मधली आत्या राहिली.’

‘तिला पोटचं लेकरू कुठाय? वंश पोटानं चालतो. माझ्या बापजाद्यांनी कधी असं नाव घेतलं नाही.’

‘मग आमचा वंश रायाप्पापाशीच संपला म्हणा. ती नसती तर खरोखरच संपला असता.’

भावकी चरकली. ज्याचं कूळ हेळवी म्हणणार नाही, त्याच्या घरी सोयरीक कोण करणार? बाळाप्पाची लेक तर लग्नाला आली होती. बायकोनं त्याच्याकडं बघितलं. तोही घाबरलाच होता, पण शब्द मागं घेईना.

हेळवी चिडून बैलावर बसला आणि निघाला. वेशीजवळ, जिथं तंगेव्वा दरसाल त्या बैलाला कडब्याची पेंढी घालायची, तिथं बैल खाली बसला. ओढला, चुचकारला, मारला. बैल उठेना. कुणी म्हणतं, त्याला तिच्या हातची सवय होती. कुणी म्हणतं, बसवण्णाच, म्हणजे नंदीच, अडून बसला.

बऱ्याच वेळानं हेळवी, भावकीसोबत मागोमाग आलेल्या बाळाप्पाला म्हणाला, ‘मला ती पेंढी घालणारी बाई तेवढी ठाऊक. नुसतं नाव कसं घेऊ? कशी होती, सांग.’

बाळाप्पा सांगू लागला. मग त्याची भावंडं सांगू लागली. मीठ निघालं, नांगर निघाला, पावसाचं बोलणं निघालं. ऐकता ऐकता डोळे पुसणारी माणसं हसायला लागली. हेळवीही हसला. मग त्यानं डोळे मिटले आणि बापजाद्यांनी न म्हटलेली ओळ म्हटली:

‘रायाप्पाच्या पोटी, तंगेव्वाच्या हाती, तीन लेकरं वाढली.’

बैल उठला, असं सांगतात. बाळाप्पाच्या लेकीला त्याच साली चांगलं स्थळ आलं आणि गावानं त्या जागी कट्टा बांधला.

आजही कुंभोळात कूळ सांगताना ‘कुणाच्या पोटी’ एवढं पुरत नाही, ‘कुणाच्या हाती’ हेही सांगावं लागतं. लग्नपत्रिकेतही ते छापतात. गेल्या वैशाखात आईविना वाढलेल्या एका पोराचं लग्न झालं. त्याच्या पत्रिकेत बापाच्या नावाखाली ठळक अक्षरांत होतं: ‘शेजारच्या हुसेनबी यांच्या हाती.’ आणि अक्षता टाकायला हुसेनबी सगळ्यांच्या पुढं, मांडवाच्या अगदी मधोमध उभी होती.