आत्याबाईंच्या माळा

एका राज्यात आठवणी डोक्यात राहत नसत, महालात राहत. महालात दालनांमागे दालने, भिंतीभर कोनाडे. नवी आठवण कापरासारखी मुठीत आणायची, रिकाम्या कोनाड्यात ठेवायची, की साऱ्या प्रजेला ती कायमची पाठ. जागा मात्र पहिल्या दारापासूनच शोधायची, अशी पूर्वजांची रीत. तिथले कोनाडे केव्हाच भरले होते, पण रीत मोडणार कोण?

त्यात मायाधर जादूगाराने शाप दिला आणि आठवणींचा कापूर मुठीतच भराभर उडू लागला.

राजा धवलकेतूला कन्या झाली. बारशाला आत्या चारुगंधेने कानात नाव सांगितले. महालात जागा मिळेतो ते उडाले. पुन्हा बारसे, पुन्हा तेच. पाहुणे पेढ्यांवर खूश, बाळ मात्र बिननावाचे. आत्येला फार वाईट वाटले. ती तडक जादूगाराकडे गेली.

"शाप मागे घ्या, महाराज."

"तीन आठवणींना जागा दे. एक जरी पुरती उडाली, तर बाळ जन्मभर बिननावाचे."

आत्येने आपली साळुंकी सगळ्या दालनांतून फिरवली. आत सलग रिकामे कोनाडे जितके, तितक्या फुलांची माळ प्रत्येक दाराला लावली. वाटेला फाटा फुटे तिथे प्रत्येक वाटेच्या तोंडाशी, त्या वाटेवरच्या सर्वांत लांब माळेएवढी माळ.

पहिली आठवण बाळाच्या नावाची. लांब माळ बघत आत्या धावली, ऐसपैस ओळीच्या मधोमध नाव ठेवले आणि आनंदाने परतली.

दुसरी आठवण पाळण्याची, बारशाला म्हणायच्या गाण्याची. त्याला सलग जागा हवी. त्याच माळेमागे गेली, तर मध्ये नाव बसलेले!

"माळ खोटी निघाली गं!"

"माळ नव्हे, आत्याबाई. जागा भरलीत, फुले काढायला विसरलात," साळुंकी म्हणाली.

दुसरी ओळ सापडेतो पाळण्याचे मधले कडवे उडून गेले. उरलेला आत्येने कसाबसा ठेवला आणि परतताना वाटेतल्या दारांच्या माळा आठवणीने बदलल्या.

तिसऱ्या वेळी मायाधर स्वतः महालात आला आणि त्याने आपली मूठ उघडली. "ही माझी आई. अर्धी इथेच, पहिल्या दाराशी ताटकळताना उडाली."

आत्येचे डोळे भरून आले. पण पाय थांबले नाहीत. माळा सांगतील तशी ती वळत गेली आणि उरलेली आई अलगद कोनाड्यांत ठेवली. त्याच क्षणी साऱ्या प्रजेला एक अनोळखी बाई आठवली, भाकरी थापताना मोठ्याने हसणारी. मायाधर लहान मुलासारखा रडला. शाप सुटला.

बारसे पुन्हा झाले. पद्मरेखा हे नाव तर सगळ्यांना आधीच पाठ होते. त्या राज्यात पाळणा अजून तसाच म्हणतात: उडालेल्या कडव्यापाशी सगळ्या बायका नुसत्या गुणगुणतात, आणि बाळे नेमकी तिथेच झोपतात.