बर्फाच्या हंसाचे डोळे

बर्फ डोंगरावरून भुशात गुंडाळून आणावा लागे, त्या काळची गोष्ट. इरण्णा मूर्तिकाराची छिन्नी दगडाचे देव घडवता घडवता म्हातारी झाली होती. रीतीप्रमाणे देवाचे डोळे ती सगळ्यांत शेवटी उघडायची.

एकदा नगरशेठने लेकीच्या लग्नात मांडवाच्या दारी ठेवायला बर्फाचा हंस सांगितला. छिन्नीच्या कपाळाला आठी पडली. "हजार वर्षं टिकेल असं काम केलं मी. आता पाणी कोरू?"

पण इरण्णापुढे तिचं काय चालणार? पंख झाले, मान झाली. डोळे तेवढे राहिले, तेव्हा ती मुद्दाम घसरू लागली. "दिवेलागणीला वितळणार हा. त्याला डोळे कशाला हवेत?" गोरज मुहूर्त जवळ आला होता. इरण्णाने हंस तसाच परातीत ठेवून मांडवात नेला आणि छिन्नी शेजारी टेकवली.

सनई सुरू झाली. हंसाच्या चोचीतून थेंब गळू लागले. त्याने हळूच विचारलं, "आजी, नवरी कशी दिसते गं?"

छिन्नी चपापली. "पिवळी साडी नेसलीय. रडतेय आणि हसतेयही."

"आणि दिवे लागले?"

"लागले."

"खूप आहेत?"

छिन्नीची नजर हंसाच्या डोळ्यांच्या कोऱ्या जागेवर गेली.

"थांबू नकोस, आजी. मला एवढी एकच संध्याकाळ आहे."

छिन्नी सांगत राहिली. शेवटी ऐकायला परातीत नुसतं पाणी होतं.

पुढे इरण्णाला नेहमी नवल वाटे. बर्फाला टेकवली की म्हातारी छिन्नी आधी डोळ्यांकडे वळायची.