तीन छत्र्यांचं झाड

त्या राज्यात जो कमी, तो मोठा. ज्याची जात ओसरत जाई त्याच्या घरावर राजा छत्री लावी, आणि छत्रीखाली काठी उगारायला मनाई असे. ज्यांची पोरं जिथे तिथे दिसत, त्यांच्या बिळात धुरी. नियम सोपा होता, म्हणून कुणी तपासून पाहिला नाही. सोपं सगळ्यांनाच आवडतं.

एका हिरड्याच्या शेंड्यावर शेकरू राहत होती आणि त्याच्याच मुळाशी घूस. दोघींचे दात एकाच घडणीचे, जन्मभर वाढणारे. नातं फार लांबचं. वरचीला आठवत नसे, खालची विसरत नसे. वर तीन छत्र्या होत्या, खाली आठ पिल्लं.

पहिल्या धुरीत दोन पिल्लं गेली. घूस तडक कोतवालाकडे निघाली. कोतवाल होता मुंगूस.

“मला पण एक छत्री द्या. विटकी असली तरी चालेल.”

“ए घुशे, तोंड बघितलंस का स्वतःचं? ढिगाने पडलाय तुम्ही. आधी कमी व्हा, मग या.”

“किती कमी?”

“ते आम्ही बघतो. तू जा.”

घूस झाडाखाली येऊन ओरडली, “शेकरूबाई, तुमचा शब्द चालतो वरती. माझ्यासाठी एक छत्री मागा. पोरं वाचतील माझी.”

शेकरू फांदीच्या टोकाशी आली. खाली ती कधीच उतरत नसे.

“मागू नकोस, बये. ही पहिली, आई गेली तेव्हाची. मधली माझ्या धन्याची. ती झालरवाली दिसते ना, ती माझ्या एकुलत्या पिल्लाची. त्या दिवशी वाजंत्रीसुद्धा होती.”

“द्यायचं नसलं की रडगाणं गायचं,” घूस पुटपुटली आणि बिळात शिरली.

धुरी पुन्हा आली. मग आणखी एकदा. बीळ शांत होत गेलं.

एका सकाळी कोतवाल आला. काठी त्याने लांबच झुडपाला टेकवून ठेवली. बगलेत कोरी छत्री होती, मागे वाजंत्रीवाले अदबीने उभे. तो बिळाच्या तोंडाशी वाकला. आवाज मऊ केला.

“घूसबाई, आहात का घरात?”

आत, अंधारात, घुशीने उरलेल्या एका पिल्लाच्या तोंडावर पंजा दाबून धरला.