नदीपार गेलेलं नाव

फार वर्षं झाली त्याला. किती, ते पळसकोंडात विचारू नका. जो तो आपल्या आजीच्या आजीपासून सुरुवात करतो, आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

पळसकोंड म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या सात वाड्या. चार नदीच्या अलीकडे, तीन पलीकडे. तेव्हा पूल नव्हता. श्रावणात पाणी चढलं की अलीकडची माणसं अलीकडे आणि पलीकडची पलीकडे. सोयरीक, जत्रा, भांडण, सगळं पाणी उतरेपर्यंत खोळंबायचं. आजारपण तेवढं खोळंबत नसे.

या सात वाड्यांना औषध देणारा माणूस एकच, गोमाजी. मोठा सज्जन. कुणाकडून सुपारीचं खांडही घ्यायचा नाही. पण त्याचा एक नेम होता. मुळी आणायला जाताना तो कुणाशी बोलायचा नाही, आणलेली मुळी उपरण्याखाली झाकायचा, दार लावून उगाळायचा आणि गुळात कालवायचा, म्हणजे चवीवरूनही कुणाला पत्ता लागू नये. कारण त्याच्या बापानं मरताना त्याच्या कानात मुळ्यांची नावं सांगितली होती आणि शपथ घालून बजावलं होतं, औषध म्हणून नाव तोंडातून फुटलं की मुळीतला गुण जातो. सगळा मुलूख हे मानायचा. गोमाजीही मनापासून मानायचा.

गोमाजीच्याच वाडीत, नदीच्या अलीकडे, ठकू राहायची. नवरा गेलेला, पदरात चार वर्षांची राही. ठकू बोलायला फटकळ, हाताला चपळ. घराला तिनं स्वतः कुंपण घातलं होतं.

एका श्रावणात राहीला हगवण लागली. ठकू धावत गोमाजीकडे गेली, तर गोमाजी पलीकडच्या वाडीला गेलेला आणि मागं पाणी चढलेलं. दोन दिवस ठकू काठावर आणि घरात येरझारा घालत होती. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, गोमाजी आला. राही त्याच्याआधी गेली होती.

शेजारच्या घरातही एक म्हातारा त्याच दुखण्यानं पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकू दारात बसली होती. गोमाजी खाली मान घालून, कुणाशी न बोलता आला, थेट तिच्या कुंपणापाशी वाकला आणि एका झुडपाची मुळी खणू लागला. ठकूनं बघितलं. ते झुडूप कुड्याचं होतं. वैशाखात ज्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी ती दरवर्षी करायची, ज्याच्या वाळक्या काटक्या तिच्या चुलीत जळायच्या, तोच कुडा. राही तळमळत होती तेव्हाही तो तिथंच उभा होता.

"गोमादादा," ती म्हणाली, "ह्येच व्हतं?"

गोमाजीनं मान वर केली. मुळी हातात तशीच राहिली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेवटी म्हणाला, "बघितलंस ते बघितलंस, ठकू. पर नाव काढू नको. गुन गेला तर समद्या वाड्यांची पोरं..."

ठकूला त्याचा राग आला, आणि नाव घेऊन गुण जाईल याची तेवढीच भीतीही वाटली. म्हणून ती गप्प राहिली. तिच्या आख्यायिकेतलं हे लोक हळूच सांगतात, पण सांगतात. पुढं सहा वर्षं ती गप्प राहिली.

दुसऱ्या वर्षी भादव्यात तिला स्वतःलाच आव झाली. तिनं कुंपणातला कुडा खणला, मुळीची साल काढली, ताकात उगाळली आणि प्याली. कडूजहर. दोन दिवस प्याली, तिसऱ्या दिवशी पोटात पेज टिकली. बरी झाली, आणि बरी झाली म्हणूनच ढसाढसा रडली. औषध खोटं निघतं तर तिला सोसलं असतं.

मग तीही औषध देऊ लागली, गोमाजीसारखंच, झाकून. तिच्या हाताला त्याच्यापेक्षा जास्त गुण आहे असं लोक म्हणू लागले. तिनं डोंगरातला पाला न् पाला आधी स्वतः चाखला, त्यानं तिची जीभ जांभळासारखी काळीनिळी झाली होती, असं म्हणतात. वाड्यांना औषधाचं एक दार होतं, तिथं दोन झाली. पण दारं किती का असेनात, कडी आतूनच होती.

आणि मग तो वाईट श्रावण आला. सातही वाड्यांत हगवण पसरली. पाऊस अकरा दिवस थांबला नाही आणि नदीनं होडी नेली. अकराव्या दिवशी दुपारी पलीकडच्या काठावर सात बाया येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या कडेवर एक पोर, मान टाकलेलं. त्यांत वेणू होती, गोमाजीची लेक, तिच्या भिवाला घेऊन.

ठकू उगाळलेलं औषध घेऊन अलीकडच्या काठावर आली. पोहणारे दोघे उतरले, ते गटांगळ्या खात परतले. मडकं दोराला बांधून सोडलं, दोर तुटला. पानात बांधून पुड्या भिरकावल्या, त्या मधल्या धारेत पडल्या. त्या बायांच्या पाठीमागं उतारभर कुडाच कुडा उभा होता. हात मागं केला असता तर हाताला लागला असता.

काठावरच्या सगळ्यांनी ठकूकडे बघितलं. तिला काय वाटलं असेल याचा विचार करा. नाव घेतलं आणि गुण गेला, तर समोरची सात पोरं जातील आणि मागच्या घरांतली सत्तरही. नाव नाही घेतलं, तर ही सात औषधाला पाठ लावून मरतील. गोमाजी तिच्याजवळच उभा होता, दोन्ही कानांवर हात ठेवून.

"गोमादादा," ठकू म्हणाली, "राहीच्या येळेला नाव कुनीच घेतलं नव्हतं. गुन मुळीत ऱ्हायला, आन राही गेली."

आणि ती ओरडली, "कुडा! कुडा गं बायांनो! मागं बघा!"

नदीनं तिचा आवाज गिळला. ती पुन्हा ओरडली, पुन्हा, घसा फुटेपर्यंत. पलीकडे वेणूनं कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण केली आणि भिवाला उंच धरलं. तेव्हा गोमाजीनं कानांवरचे हात काढले. तरुणपणी तो डोंगरात गुरं राखायचा, त्याची हाळी तीन टेकड्या ओलांडून जायची. ती हाळी त्यानं पोटातून काढली, आणि जे नाव औषध म्हणून आयुष्यात एकदाच, बापाच्या तोंडून, ऐकलं होतं ते पाण्यावर टाकलं.

"कुऽऽडाऽऽ!"

तेवढ्या एका शब्दापुरती नदी गप्प झाली, असं म्हणतात. शब्द पलीकडे पोचला आणि मग पाणी पुन्हा गर्जू लागलं. सातही बाया एकदम मागं वळल्या. अलीकडून दोघांनी मिळून बाकीचं सांगितलं, ठकू हातवारे करी आणि गोमाजी हाळी देई: मुळी खणा, साल काढा, ताकात उगाळा, पेज पाजत राहा. तीन दिवस! संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा पलीकडचा उतार पांढराशुभ्र दिसत होता. वैशाखात फुलणारा कुडा श्रावणात फुलला होता, असं म्हणतात. मी नाही बघितला. बघितला असं म्हणणाऱ्यांनाही कुणी खोडून काढत नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. सातांतली सहा पोरं उठून बसली होती. उठला नव्हता तो भिवा.

नदी ओलांडून आलेला गोमाजी नातवाच्या उशाशी बसला. "मी शपथ मोडली, त्याचा ह्यो दंड," म्हणाला.

"गुन गेला असता तर सहा कशी उठली?" ठकू म्हणाली. "ह्याचं दुखनं येगळं हाय, दादा. ते आपल्या डोंगरात न्हाय. उठा, डोली बांधा."

भिवाला डोलीत घालून बाजारगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं, चौदा मैल. ठकू शेजारून चालत होती. डॉक्टरांनी तपासलं, आतून हिवताप आहे म्हणाले. कंपाउंडरनं कागदाच्या पुड्या बांधून दिल्या.

"ह्येचं नाव काय?" ठकूनं विचारलं.

"नावाशी काय करायचंय तुला, बाई? पाण्यातून दे म्हणजे झालं."

ठकू दवाखान्याच्या पायरीवर बसली. लोक तिला ओलांडून जाऊ लागले. कंपाउंडर रागावला, ओरडला, त्यानं हातही जोडले. ती म्हणाली, "नाव सांगा, उठते. एकदा मला नाव म्हाईत नव्हतं." शेवटी डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं, "कोयनेल." तिनं तीनदा म्हणवून घेतलं. परतीच्या चौदा मैलांत वाटेतल्या प्रत्येक घरी ते सांगत आली. भिवा पाचव्या दिवशी भाकरी मागू लागला.

पुढं ठकूनं दार कधी लावलं नाही. उंबऱ्यावर सहाण मांडून उगाळायची आणि येणाऱ्याला मुळी ओळखून दाखवायला लावायची. चुकला तर चांगली खरडपट्टी. आणि प्रत्येकाला एकच ताकीद: "तीन दिस. उतार न्हाय पडला तर माझ्या दारात न्हाय, दवाखान्यात." गोमाजीचा शेवट आला तेव्हा मुलानं रीतीप्रमाणे बापाच्या तोंडाशी कान नेला. म्हातारा हसला. "आता कानात सांगन्यासारखं काय उरलं न्हाय रं," म्हणाला आणि सुखानं गेला.

आज नदीवर पूल आहे आणि अलीकडच्या काठावर आरोग्य उपकेंद्र आहे. तिथं नवीन नर्सबाई आल्या की पहिले चार दिवस गोंधळतात. गोळी हातावर ठेवली तरी माणूस जागचा हलत नाही. बाईंनी नाव सांगायचं, त्यानं ते म्हणायचं, मग गोळी तोंडात. एका बाईंनी वैतागून विचारलं, हे काय खूळ? रांगेतली म्हातारी म्हणाली, "हितं नाव घेतल्याबिगर औशद लागत न्हाय, बाय." कुंपणातला कुडा पळसकोंडात कुणी तोडत नाही, आणि दुसऱ्याच्या कुंपणातला खणायला कुणाला विचारावंही लागत नाही.

आणि श्रावणातल्या एका दुपारी, पूल असूनही, तीन वाड्या पलीकडे आणि चार अलीकडे काठावर जमतात. अलीकडून हाळी जाते, "कुऽऽडाऽऽ!" पलीकडून तीच परत येते. मग दोन्ही काठ मिळून आणखी एक नाव घेतात, ज्या पोरीपर्यंत औषध पोचलं नव्हतं तिचं. "राऽऽही!" पाणी कितीही चढलेलं असो, ते नाव पलीकडे ऐकू जातं, असं म्हणतात.