हम्मूच्या वाट्याची पखाल

आफ्रिकेच्या पश्चिमेला, सहाराची वाळू संपून झुडपे दिसू लागतात तिथे, सात-आठशे वर्षांपूर्वी गाराबे नावाचे गाव होते. इसाकाबाबा तेथे राहत. उत्तरेकडून उंटांवर मिठाच्या लाद्या येत, बदल्यात दक्षिणेचे सोने जाई, आणि व्यापाऱ्यांबरोबर त्याच वाटेने अल्लाचे नावही गावात आले होते. नाव आले, पण माणसे कुठे लगेच बदलतात! वीस वर्षे शिकवूनही बाबांच्या मागे नमाजाला जेमतेम दोन रांगा उभ्या राहत. बाबा थकले होते. गुडघे धरून उठत आणि म्हणत, "चला, पुन्हा पहिल्यापासून."

त्या रांगांत सगळ्यांत शेवटी देम्बा उभा राही. देम्बा तांड्याबरोबर जाऊन त्याची वर्दी गावात आणणारा. तांडा गावापासून दहा दिवसांवर येऊन काही दिवस विसाव्याला थांबला, की त्याने एकट्याने पुढे निघायचे आणि व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या गावातल्या त्यांच्या माणसांना पोचवायच्या. मग गावकरी पाणी घेऊन चार दिवसांची वाट सामोरे जात. ज्याची चिठ्ठी, त्याला पाणी. वर्दी चुकली तर पुढे हाडेच सापडायची. असे जिवावरचे काम करणाऱ्या देम्बाला नमाजाचे शब्द मात्र पाठ होत नसत. तो एवढेच म्हणे, "अल्ला, मी दमलोय. सांभाळ." बाबा म्हणत, "बाकीचं शिकशील रे. तोवर हेही पोचतं."

त्या वर्षी तांड्यात हम्मू नावाचा बडा सौदागर होता. पाठांतर जबरदस्त, आणि तोंडही तसेच. पाण्याची टंचाई असेल तर नमाजाआधीची शुद्धी, म्हणजे वजू, वाळूने चालते, हे बाबांनी त्याला मागे समजावले होते. पण हा गडी दिवसातून पाच वेळा पखाल सोडून ऐटीत हातपाय धुवायचा आणि वाळू घेणाऱ्या देम्बाला हसायचा.

देम्बा वर्दी घेऊन निघाला तेव्हा सगळ्यांनी चिठ्ठ्या दिल्या. हम्मूने दिली नाही. "ज्याला चार ओळी पाठ होत नाहीत, त्याच्या हाती मी जीव देऊ? माझ्या पखाली मला पुरतील!"

देम्बा चिठ्ठ्या कमरेला बांधून उंटावर बसला.

चौथ्या दिवशी उंट बसला तो उठलाच नाही. पुढे देम्बा पायी. विसरभोळा माणूस, म्हणून तांड्यातल्या सगळ्यांची नावे एकेक करून तो वाटेने अल्लाला सांगत होता. गाव एका दिवसावर राहिले आणि त्याचे पाय गेले. "माझ्याच्यानं आता होत नाही. तूच पोचव," एवढे बोलून तो वाळूत आडवा झाला.

आणि काय सांगावे! त्याच दुपारी देम्बा बाबांच्या दारात उभा! त्याची बायको सीरा विहिरीवरून धावत आली, पाण्याचा वाडगा पुढे केला. त्याने घेतला नाही. एकेका सौदागराचे नाव घेऊन "पाणी न्या" म्हणाला, शेवटी "हम्मूलाही" म्हणाला आणि आल्या वाटेने परत फिरला.

बाकीच्यांनी लगबगीने पखाली भरायला घेतल्या. हम्मूचा गुमास्ता तेवढा कुरकुरला, "चिठ्ठी कुठाय? चिठ्ठीशिवाय मी पाणी धाडत नाही."

बाबांनी स्वतः विहिरीचा दोर धरला. "हम्मूची पखाल मी भरतो." त्यांचे डोळे भरून आले होते. का, ते कोणाला कळेना.

बाबा माणसांबरोबर निघालेही. नवऱ्यामागे निघालेली सीरा म्हणाली, "बाबा, या वयात तुम्ही कशाला?"

"थकलोय गं. पण घरी बसूनही थकवा कुठं जातो?"

दुसऱ्या दिवशी वाटेत देम्बा पडलेला दिसला. ओठ फुटलेले, नुसती धुगधुगी उरलेली. सीराने त्याचे डोके मांडीवर घेऊन थेंब थेंब पाणी पाजले. "अहो, काल दिलं तर घेतलं नाहीत. मला वाटलं, रागावलात."

"काल? सीरे, मी अजून गावात पोचलोच नाही गं."

कमरेला चिठ्ठ्या तशाच होत्या, गाठसुद्धा सुटली नव्हती. माणसांच्या अंगावर काटा आला. "मग दारात आलं कोण होतं, बाबा?"

"ज्यानं पाठवलं त्याला ठाऊक," बाबा म्हणाले. "चला, पुढं माणसं मरतायत."

वाट देम्बालाच ठाऊक, म्हणून त्याला उंटावर बांधून घेतले. तीन दिवसांनी तांडा भेटला. हम्मूच्या पखाली केव्हाच कोरड्या पडल्या होत्या आणि तो उंटाच्या सावलीत निपचित पडला होता. पाणी आलेले पाहून त्याने तोंड फिरवले. "माझी चिठ्ठी नव्हती. माझं पाणी नसेल."

बाबांनी पखालीचे तोंड त्याच्या ओठांना लावले. "तुझं नाव आलं होतं, बेटा."

"कोणी घेतलं?"

देम्बा उंटावरून क्षीण आवाजात म्हणाला, "वाटेत सगळ्यांची घेत होतो, सौदागर. तुमचं तेवढं गाळायचं कसं?"

हम्मू लहान मुलासारखा रडला. सरपटत बाबांच्या पायांशी आला, तसे बाबांनी त्याला धरले. "मी दमलेला म्हातारा. माझ्यापुढं कशाला वाकतोस? ज्याला हसलास त्याची माफी माग."

देम्बाला खाली उतरवले होते. हम्मूने त्याचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि मान खाली घातली.

"सौदागर," देम्बा कळवळला, "जरा हळू. फोड आलेत."

हम्मूने हात सैल केले. मान मात्र वर उचलली नाही.