नगारा वाजला की

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. टेकडीवर एक नगर वसलेलं होतं. माथ्यावर राजवाडा, त्याच्या खाली सरदार-सावकारांची घरं आणि अगदी तळाला खालची आळी. नगर कसं पांढरंशुभ्र! दर वर्षी भिंतींवर चुन्याचा हात फिरायचा ना. आणि तो चुना भाजला जायचा टेकडीच्या मधोमध, मोठमोठ्या भट्ट्यांत.

आता भट्टी म्हटली की धूर आलाच. एके साली तो राजवाड्यात शिरला आणि पाळण्यातला राजपुत्र खोकून खोकून लालबुंद झाला. राणीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. तिनं हुकूम काढला. बुरुजावर निशाण लावायचं. सकाळी ते खालच्या अंगाला फडफडलं, तर नगारा वाजवायचा. नगारा वाजला तरच भट्ट्या पेटवायच्या, एरवी नाही.

त्या गावी सकाळी वारा जिकडे लागे, तिकडेच दिवसभर राही. त्यामुळे राजवाड्यात पुन्हा धूर म्हणून आला नाही. लोकांनी राणीच्या हुशारीची तोंड भरून स्तुती केली.

राणीलाही तो नगारा फार आवडायचा. तो वाजला की दासी भराभर खिडक्या उघडत आणि राजपुत्राचा पाळणा गच्चीवर नेत. धूर जातो कुठं, हे तिनं कधी विचारलं नाही. अहो, विचारणार कशाला? वारा नेतो, एवढं तिला पुरेसं होतं.

राजपुत्राला सांभाळायला भागी नावाची दाई होती. ती खालच्या आळीतून रोज टेकडी चढून यायची. तिच्या अंगाईशिवाय राजपुत्राचा डोळा लागत नसे. एकदा काय झालं, भागी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही तिचा पत्ता नाही. पोरानं रडून राजवाडा डोक्यावर घेतला. राणी वैतागली. तिला वाटलं, लाडानं बाई शेफारली. चांगली खडसावते म्हणून ती एका दासीला घेऊन पहाटेच टेकडी उतरली.

जसजशी ती उतरत गेली, तसतसा घरांचा पांढरा रंग मळत गेला. खालच्या आळीत तर भिंती तव्याच्या बुडासारख्या काळ्या होत्या. दारादारातून खोकल्याची ढास ऐकू येत होती. राणीनं पदर नाकाला लावला.

भागी घरातच होती. मांडीवर तिची धाकटी सोनी, राजपुत्राच्याच वयाची. पोरीच्या छातीचा नुसता भाता चालला होता आणि ओठ निळे पडले होते. राणीचा राग जागच्या जागी विरला.

इतक्यात टेकडीवर नगारा वाजला.

राणीला सवयीनं बरं वाटलं. ती म्हणाली, "खिडकी उघड भागी, पोरीला जरा वारा लागू दे."

भागी मात्र ताडकन उठली. तिनं दार लावलं, खिडकी लावली, फटींत ओली फडकी कोंबली. बाहेरही धडाधड दारं लागत होती. आया पोरांना ओढून आत नेत होत्या. राणीला काही कळेना. मग फडक्यांनाही न जुमानता धूर आत शिरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, घशात कुणी मिरची कोंबल्यासारखं झालं.

"हे रोज होतं?" तिनं कसंबसं विचारलं.

"नगारा वाजला की होतं," भागी म्हणाली. "पूर्वी धूर चारी दिशांना जायचा, सरकार. थोडा तुमच्याकडं, थोडा आमच्याकडं. निशाण लागल्यापासून सगळा इकडंच. माझी थोरली त्यातच गेली. मी तेव्हा वर होते, बाळराजांना झोपवत."

ते निशाण राणीनंच लावलं होतं. मग ही माणसं इथं राहतात तरी कशाला, असं तिनं पुटपुटत विचारलं. भागी म्हणाली, ज्यांना जमलं ते केव्हाच वर गेले. आम्हाला दुसरीकडं जागा कोण देणार?

राणीनं दासीला भट्ट्यांवर पिटाळलं. आत्ताच्या आत्ता बंद करा म्हणावं. मुकादमाचा नम्र निरोप आला. पेटलेली भट्टी बंद होत नसते, आजवर कधी झालेली नाही. सगळा चुना वाया जाईल. राणीसरकारांनी संध्याकाळपर्यंत थांबावं.

सोनीला तेवढा वेळ नव्हता. तिचा श्वास आता अडकत होता. राणीनं दुसरा निरोप धाडला, तो थेट राजाला. "राजपुत्राचा पाळणा भागीच्या घरी पाठवा. भट्ट्या जळताहेत तोवर तो इथंच झोपेल."

काय सांगू तुम्हाला, राजवाड्यात एकच धावपळ उडाली! राजा स्वतः अनवाणी भट्ट्यांकडं धावला. ज्या भट्ट्या कधी बंद होत नसतात, त्यांची तोंडं ओल्या मातीनं बघता बघता लिंपली गेली. पाळणा राजवाड्याच्या पायऱ्या उतरायच्या आत धूर थांबलासुद्धा. चुन्याचं नाव कुणी काढलं नाही.

भागीनं खिडकी उघडली. बऱ्याच वेळानं सोनीच्या ओठांवर लाली आली आणि ती बारीक आवाजात रडली. राणीनं डोळे पुसले. तिला वाटलं, भागी आता पाया पडेल. भागी टेकडीकडं बघत होती.

"सरकार," ती म्हणाली, "माझ्या थोरलीच्या वेळी राज्यात माती नव्हती का?"

राणीनं सोनीला उचलून उराशी धरलं.

पुढं भट्ट्या दूर ओसाड माळावर गेल्या, जिथं चारी बाजूंना कुणाचीच वस्ती नव्हती. चुना कमी येऊ लागला, वरची घरं मळकी दिसू लागली, सरदार कुरकुरले. राणीनं ऐकून घेतलं, पण ती बधली नाही. सोनी मोठी झाली. भागी मात्र पुन्हा कधी टेकडी चढली नाही आणि तिला बोलवायचं धाडस राणीला झालं नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या लेकराच्या नाकापासून हाकललेला धूर दुसऱ्याच्या लेकराच्या छातीत शिरत असेल, तर तो वाऱ्यानं नेलेला नसतो, आपणच धाडलेला असतो.