कोल्हा झालेले मास्तर

डोंगराला पाठ लावून बसलेलं खडकओहोळ नावाचं एक गाव होतं. तिथे मोरबा तांबट राहायचा. भांडी ठोकायची, पोचे काढायचे, कल्हई लावायची हा त्याचा पिढीजात धंदा. सारा जन्म हातोड्याच्या ठोक्यांत गेल्यामुळे त्याचा आवाज एवढा वाढला होता, की तो कानगोष्ट करायला लागला तरी शेजारी खिडकी लावून घ्यायचे.

मोरबाला एकच नाद होता, हौशी रेडिओचा. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि आपल्या सेटवरून दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलायचं. हा नाद त्याला लावला रणपिसे मास्तरांनी. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रविवारी मोरबासारख्या सात-आठ जणांना रेडिओ शिकवायचे.

आता मास्तर अठ्ठ्याहत्तरीला आले होते. त्यांची आठवण विरत चालली होती. चहा प्यायला की दहा मिनिटांनी पुन्हा चहा मागायचे. ज्यांच्या वह्या त्यांनी तीस वर्षं तपासल्या, तीच माणसं सलूनच्या बाकावर बसून म्हणायची, "म्हातारा कामातून गेला." एवढं म्हणायला काही लागत नाही. त्या म्हाताऱ्याजवळ तासभर बसायला मात्र वेळ लागतो, आणि वेळ गावात कुणाकडेच नव्हता. मोरबाकडेही नव्हता. दोन वर्षांत तो मास्तरांच्या दारात गेला नव्हता.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मास्तरांचा मुलगा शिरीष धापा टाकत मोरबाच्या दुकानात आला.

"मोरबा, बाबा सकाळी न्याहारी करून बाहेर पडले, ते अजून आले नाहीत. ओढा पाहिला, एसटी स्टँड पाहिलं. सकाळचं इन्शुलिन घेतलंय त्यांनी, आणि दुपारचं जेवण नाही. साखर उतरली तर कुठंतरी पडून राहतील."

मोरबाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तीन वाजून गेले होते. थंडीचे दिवस, सहाला अंधार पडायला लागणार.

तेवढ्यात फळीवरचा रेडिओ खरखरला. त्यातून मास्तरांचा आवाज आला. शाळेत हजेरी घेताना यायचा तसा, स्वच्छ.

"कोल्हा बोलतोय. शोधणाऱ्यांनी तयारीला लागावं. दर दहा मिनिटांनी अर्धं मिनिट बोलेन."

मोरबाला सगळं समजलं. पूर्वी रविवारी मास्तर एक खेळ घ्यायचे. एकजण हातातला सेट घेऊन डोंगरात लपायचा. त्याला कोल्हा म्हणायचं. कोल्हा मधूनमधून बोलायचा आणि बाकीच्यांनी हातानं बनवलेल्या अँटेनानं त्या आवाजाची दिशा धरून त्याला हुडकायचं. एकच नियम कडक होता: कोल्ह्यानं आपली जागा सांगायची नाही. मास्तरांच्या मनात आज वीस वर्षांपूर्वीचा रविवार उगवला होता. ते हरवले नव्हते. ते लपले होते.

शिरीषनं झडप घालून माइक उचलला. "बाबा! हा काय पोरखेळ लावलाय? कुठे आहात ते आधी सांगा!"

"मधेच बोलणारा बाद," रेडिओतून उत्तर आलं. "कोल्हा जागा सांगत नाही."

आणि रेडिओ गप्प झाला.

"बाद?" शिरीष रडकुंडीला आला. "मी मुलगा आहे त्यांचा!"

"ठेव तो माइक खाली," मोरबा गरजला. "आणखी एकदा ओरडलास तर ते सेटच बंद करून बसतील. हिरा! अगं हिरा! माझा जुना अँटेना कुठंय?"

त्याची बायको आतून म्हणाली, "त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवून दोन वर्षं झाली. तुम्हाला आज आठवला होय?"

फळीवरच्या रेडिओला जोडलेली छपरावरची उभी दांडी काही कामाची नव्हती. ती चारी बाजूंचं सारखंच ऐकते. आवाज येतो हे सांगते, कुठून येतो ते सांगत नाही. मोरबाला एकाच दिशेचं ऐकणारा अँटेना पाहिजे होता, आणि तो आता, या घडीला, बनवायचा होता.

त्यानं मोजायची नवीकोरी पोलादी टेप खोक्यातून काढली आणि पत्रा कापायच्या कात्रीनं कापायला घेतली. एकशेपाच सेंटिमीटरची एक पट्टी. एकोणनव्वदची एक. पंचेचाळीसच्या दोन. नळाच्या प्लास्टिक पाइपाचा हातभर तुकडा घेतला. सगळ्यात लांब पट्टी पाइपाच्या मागच्या टोकाला आडवी बसवली, एकोणनव्वदची पुढच्या टोकाला. मधे दोन अर्ध्या पट्ट्या, एकमेकींना न चिकटता, बोटभर अंतर ठेवून. सगळ्या लोखंडी क्लॅम्पांनी आवळल्या. त्या दोन अर्ध्या पट्ट्यांना केबलची दोन टोकं शिशानं डाखायची आणि केबल सेटला जोडायची. मागची लांब पट्टी पाठीकडचा आवाज अडवते, पुढची आखूड पट्टी समोरचा आवाज ओढून घेते. मास्तरांनी त्याला हे शाळेच्या अंगणात बसून शिकवलं होतं.

पट्ट्या झाल्या. डाख मात्र धरेना. शिसं पट्टीवर पडायचं, मण्यासारखं गोल व्हायचं आणि घरंगळून खाली यायचं. मोरबानं तीनदा लावलं. तीनदा निघालं. चौथ्यांदा त्यानं टेपलाच शिवी हासडली.

हिरा बाजूला उभी राहून पाहत होती. "अहो, घासल्याशिवाय कल्हई धरत नाही असं गिऱ्हाइकाला तुम्हीच ऐकवता ना? मग त्या टेपवरचा पिवळा रंग घासायला कोण येणार आहे?"

तीस वर्षं कल्हई लावणारा माणूस घासायलाच विसरला होता. मोरबानं मुकाट्यानं पॉलिश कागद घेतला. खाली पांढरंशुभ्र पोलाद दिसेपर्यंत घासलं. मग शिसं लावलं, तसं ते पाण्यासारखं पसरलं आणि घट्ट बसलं. या गडबडीत मास्तरांचे चार-पाच इशारे वाया गेले. चार वाजून गेले.

"तू जीप घेऊन खिंडीच्या तोंडाशी थांब," मोरबा शिरीषला म्हणाला. "आणि पाया पडतो, रेडिओवर बोलू नकोस."

हिरानं गुळाचा मोठा खडा फडक्यात बांधून त्याच्या खिशात कोंबला.

शाळेच्या मैदानावर उभं राहून मोरबानं जुना सेट खांद्याला अडकवला आणि अँटेना हातात धरला. पाइपाला लावलेल्या त्या पिवळ्या पट्ट्या वाऱ्यावर लपलपत होत्या. रस्त्यानं जाणारा एकजण म्हणालाच, "काय मोरबा, पतंग का?" इतर वेळी मोरबानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज त्यानं ऐकलंही नाही.

"कोल्हा बोलतोय..."

मोरबा हळूहळू गोल फिरला. गावाकडे तोंड केलं, येणाऱ्या आवाजाचा जोर दाखवणारा सेटवरचा काटा खाली पडला. ओढ्याकडे, खालीच. डोंगराच्या डाव्या खांद्याकडे वळला आणि काटा उठून उभा राहिला.

तो चालायला लागला. दर दहा मिनिटांनी थांबायचं, अँटेना फिरवायचा, काटा उठेल तिकडे पुन्हा चढायचं. करवंदीच्या जाळ्यांनी हात फाडले. पण त्याला काटे बोचत नव्हते, आवाज बोचत होता. प्रत्येक इशाऱ्याला तो आवाज मऊ पडत चालला होता. पहिल्यांदा मास्तर "कोल्हा बोलतोय" म्हणाले. पुढच्या वेळी नुसतं "बोलतोय". त्याच्या पुढच्या वेळी ते काय म्हणाले ते कळलंच नाही.

डोंगराच्या खांद्यावर सपाटी होती. माणसाच्या उंचीचे खडक, त्यांच्यामधे माजलेली कारवी. मोरबानं अँटेना समोर धरला. काटा टोकाला गेला. डावीकडे धरला. टोकाला. उजवीकडे, पाठीमागे, सगळीकडे टोकाला. ज्या अँटेनानं त्याला गावापासून बोट धरून इथवर आणलं, तोच आता चारी दिशांना बोट दाखवत होता. सूर्य पलीकडच्या डोंगराला टेकला होता.

मोरबाचं डोकं फिरलं. त्यानं माइकचं बटण दाबलं आणि छाती फुटेल एवढा ओरडला, "मास्तर! बंद करा हा खेळ! अहो, जीव जाईल तुमचा! कुठे आहात?"

वारा दरीतून घोंघावत वर येत होता. रेडिओत क्षीण आवाज आला.

"आरडाओरडा करणारा... बाद."

मग काहीच नाही. दहा मिनिटं झाली. इशारा आला नाही. बारा झाली.

मोरबा खडकावर बसला. शिरीषला त्यानं शहाणपण शिकवलं होतं, आणि स्वतः तेच करून बसला होता. ओरडण्यात त्याचा राग नव्हता, भीती होती. पण ऐकणाऱ्याला रागच ऐकू येतो. त्यानं माइक तोंडाशी धरला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हळू बोलला.

"मास्तर, मी मोरेश्वर. चुकलो. नियमानं खेळतो. पण मला येत नाहीये, मास्तर. काटा सगळीकडे भरतोय. पुढे काय करायचं ते शिकवा."

रेडिओ खरखरला. मग:

"कोण? तांबटांचा मोरेश्वर?"

"होय मास्तर."

"काटा सगळीकडे भरतो म्हणजे तू जवळ आलास, गाढवा. जवळच्याला शोधायला एवढे मोठे कान कशाला? काढ तो अँटेना."

मोरबानं केबल सोडली. एवढ्या मेहनतीनं बनवलेला अँटेना गवतात ठेवला आणि सेटला त्याची मूळची आखूड रबरी दांडी लावली. "काढला, मास्तर."

"सेट छातीशी धर. दांडी अंगाला टेकू दे. मी आकडे म्हणतो. तू जागच्या जागी फिर. हळू. काटा जिथे सगळ्यात खाली जाईल तिथे थांब. एक... दोन..."

मोरबा फिरू लागला. काटा किंचित हलला.

"पाच... सहा... सात... सात..."

सातच्या पुढे मास्तरांना वाट सापडत नव्हती.

"सात... सात..."

"ऐकतोय मास्तर. सात. म्हणत राहा," मोरबा मधल्या शांततेत म्हणाला. शिशाचा थेंब पडावा तितक्या सावकाश तो फिरत राहिला. एका जागी काटा घसरला आणि तळाला गेला. "थांबलो, मास्तर. काटा खाली आला."

"तुझं अंग मधे आलं ना, म्हणून. आता तुझी पाठ माझ्याकडे आहे." आवाज कुजबुजीएवढा झाला होता. "मागे वळ... आणि चल."

मोरबा वळला आणि चालला. एक खडक ओलांडला, दुसरा ओलांडला. साठ-सत्तर पावलांवर, तिसऱ्या खडकाच्या आडोशाला, मास्तर बसले होते. चपला काढून नीट जोडून ठेवल्या होत्या. सदरा घामानं भिजला होता, हात थरथरत होते, सेट कानाशी धरलेला होता. ओठ अजून "सात" म्हणत होते.

मोरबानं त्यांचं डोकं आपल्या दंडावर घेतलं. गुळाचे बारीक तुकडे करून एकेक त्यांच्या जिभेवर ठेवले. मास्तर सावकाश चघळत राहिले. हळूहळू हातांचा थरकाप कमी झाला. डोळे स्थिर झाले. त्यांनी मोरबाकडे निरखून पाहिलं.

"सापडलो मी?"

"सापडलात, मास्तर."

"मग खेळ संपला?"

"संपला."

मास्तरांनी एक मोठा श्वास सोडला. दिवसभर अंगावर वागवलेलं ओझं खाली ठेवावं तसा. त्यांनी मोरबाची बाही घट्ट धरली.

"मग आता सांगतो. मगाशी सांगता येत नव्हतं, मी कोल्हा होतो. मोरेश्वर, मला घरचा रस्ता आठवत नाहीये रे."

मोरबा त्यांच्याकडे वाकला. मोठ्यांदा बोलायला आता आवाजही उरला नव्हता.

"मला पाठ आहे, मास्तर. चला."

त्यानं त्यांच्या पायात चपला सरकवल्या, त्यांना पाठुंगळी घेतलं आणि जपून पाय टाकत उतरायला लागला. मास्तर त्याच्या कानाशी सांगत होते, पट्ट्या कापताना घाई करायची नाही, मागची लांब, पुढची आखूड. तो दर वाक्याला "होय मास्तर" म्हणत होता.

खिंडीच्या तोंडाशी शिरीष धावत पुढे आला. रडून रडून त्याचा चेहरा सुजला होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहून मोरबाला विचारलं, "हा कोण? हा बाद झाला होता ना?"

शिरीषनं तोंड उघडलं. मग वडिलांचे गारठलेले पाय आपल्या दोन्ही हातांत धरले आणि अगदी हळू म्हणाला, "होय मास्तर. मला पुन्हा खेळात घ्याल का?"

तात्पर्य: ज्याची वाट मनातच हरवली आहे, त्याला ओरडून आपल्याकडे बोलावता येत नाही. तो जिथे आहे तिथे आपणच जायचं असतं, आणि जवळ पोचल्यावर आपला आवाज कमी करायचा असतो.